जावयाची बाज

उकंडराव संग्रामपूरचे. धाड गावात घरजावई होऊन सहा वर्षं झाली, तरी गाव त्यांना पाहुणाच मानी. बसायला बाज मिळे, कामाला कुणी हात लावू देत नसे. हेच त्यांना सलत होतं.

१९६२ साली बुलढाण्याला हुतुतूच्या शेवटच्या सामन्यात धाडसमोर नेमकं संग्रामपूर आलं. सारं गाव मातीत बसलं, उकंडराव बैलगाडीतून आणलेल्या बाजेवर.

"जावईबुवा, आज कोनाकडून?" शेजारी मातीत बसलेल्या धाडच्या भगवंतरावांनी डिवचलं.

शेवटच्या चढाईत संग्रामपूरच्या तिघांनी धाडच्या इंद्रभानला धरलं. मधली रेघ वीतभर दूर, दम सुटत आलेला. उकंडरावांनी बाजेवरून उडीच मारली.

"ओढ बे इंद्रभान! आपली रेघ आली!"

बोट रेघेला लागलं. तिघेही बाद, धाड जिंकलं!

गुलालातूनच भगवंतराव ओरडले, "उकंड्या, पाहून काय राह्यला बे? बैल जुंप!"

उकंडराव हसत धावले. बाज मैदानातच राहिली.