मामींचं मौन आणि छातीची धडधड

बायका वाती वळायला बसल्या की कापसापेक्षा गोष्टीच जास्त निघतात. आचऱ्याच्या देवळात आम्ही दुपारी जमायचो, तेव्हाच्या किश्शांची टोपली अजून भरलेलीच आहे. त्यातले हे माझ्या सासूबाईंचे, म्हणजे मामींचे.

मामींना धाप लागायची, छातीत धडधडायचं. आमच्या ह्यांनी त्यांचं देवळात चालत जाणंच बंद केलं. श्रावण तोंडावर आलेला. सोमवारची प्रदक्षिणा चुकणार म्हणून मामींच्या डोळ्याला पाणी.

*

मालवणहून एस.टी.नं डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली आणि मग टॉर्च नाकापाशी धरला. म्हणाले, "हृदय चांगलं आहे. नाक तपकिरीनं चोंदलंय. तोंडानं भराभर श्वास घेता, म्हणून छातीही धावते. तपकीर सोडा, तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास घ्या."

"तोंड मिटून?" मामी म्हणाल्या. "मगे सुनेक कामां कोण सांगतला?"

*

डॉक्टरांनी रोज मिठाचं कोमट पाणी नाकानं ओढायलाही सांगितलं होतं. शेजारच्या काशीकाकू म्हणाल्या, "समुद्र दारात आसा, आणि मिठाचा पाणी सांगूक मालवणचो डॉक्टर व्हयो?"

*

मग काकूंनी भटजींसारखं नाक धरायला शिकवलं. एक नाकपुडी दाबायची, ती सोडून दुसरी. मामींनी घाईत दोन्ही दाबल्या. त्यांचे डोळे मोठे झाले तशा काकू म्हणाल्या, "गो, एक तरी देवाक उघडी ठेव."

*

तोंड काही मिटेना. शेवटी मीच भीत भीत म्हटलं, "मामी, श्रावणभर सांजवातीपर्यंत मौन धरल्यात तर? डॉक्टरांचा ऐकल्यासारखा होतला, देवाचाय."

डॉक्टरांसाठी जमलं नाही ते देवासाठी जमलं. हळूहळू धाप कमी झाली, आणि एका सोमवारी मामी माझ्याबरोबर चालत देवळात आल्या. प्रदक्षिणेत आम्ही बोलणाऱ्याच धापा टाकत होतो.

*

शेवटच्या सोमवारी डॉक्टर पुन्हा आले, मामींची नाडी बघून खूश झाले. तेवढ्यात मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, आपला हात पुढे केला. "माझी पण बघा. ही गप झाल्यापासून माझ्याच छातीत धडधडता."

डॉक्टरांनी गंभीर होऊन नळी कानाला लावली.

मामींनी बाहेर पाहिलं. ऊन अजून माडांवर होतं, सांजवातीला वेळ होता. त्यांनी देवाला हात जोडले आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनू, तेंका औषध नको. म्हातारो लबाड आसा."