हाऊसफुल्लच्या बोर्डावरचे सांडगे

नवसाचे नारळ घरात साठतात ना, तसे टॉकीजचे किस्से साठलेत माझ्याकडं. एक काढायला जावं तर चार गडगडत येतात! म्हणून सुरुवात नवसापासूनच करते.

आमचे हे शाहूपुरीतल्या एका जुन्या टॉकीजचे मॅनेजर. गर्दी आटली तसा "हाऊसफुल्ल"चा लाकडी बोर्ड ह्यांनी रंगवायला म्हणून घरी आणला, तो घरीच राहिला. मी त्यावर सांडगे वाळत घालायला लागले. एकदा हे गच्चीवर आले, बोर्डाकडं बघत उभे राहिले, आणि तसेच खाली गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी अंबाबाईपुढं पदर पसरला. "आई, हा बोर्ड एकदा तरी परत दारावर लागू दे. तोवर मी टॉकीजच्या आत पाऊल टाकणार नाही!"

घरी येऊन मोठ्या भक्तिभावानं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, दर शुक्रवारी ठरलेली एक बाई यायची, ती पण घालवलीस!"

*

चांगल्या दिवसांत आमच्याकडं खालच्या वर्गाला खुर्चीचे नंबर नव्हते. ज्याचा रुमाल, त्याची खुर्ची! हा कायदा कोर्टानंही मोडला नसता. दार उघडलं की माणसांच्या आधी रुमाल, टॉवेल, टोप्या आत उडायच्या.

उचगावच्या शांताक्का एका रविवारी बाजार करून थेट टॉकीजला आल्या. घरातली दहा माणसं मागून यायची होती आणि रुमाल एकच. बाईंनी पिशवी उघडली आणि रांगभर मांडणी केली. एका खुर्चीवर दोडका, एकीवर कोबी, एकीवर मेथीची जुडी!

एक गृहस्थ मेथी उचलून बसायला लागले, तशा शांताक्का कडाडल्या, "पावणं, ठेवा ती खाली!"

"अवो, मेथीची जुडी हाय की ही!"

"मेथी न्हाय, माझी जाऊ हाय ती!"

गृहस्थांनी जाऊबाईंना हळूच परत खुर्चीवर ठेवलं.

*

मालक आण्णा म्हणजे गुळाचे व्यापारी. पिक्चर कुठला लावायचा हे ते कौल लावून ठरवायचे. देवाच्या अंगावर दोन बाजूंना दोन फुलं लावायची. उजवं पडलं तर पिक्चर घ्यायचा, डावं पडलं तर सोडायचा.

एका साली ओळीनं सगळी उजवीच पडली आणि ओळीनं सगळेच पिक्चर आपटले. शेवटी ह्यांनी धीर केला. "आण्णा, एकदा आधी बघून ठरवूया का?"

"तुझा देवावर इस्वास न्हाय व्हय रं?"

बोलणं आमच्याच घरी चाललेलं, मी नाश्त्याचं ताट घेऊन आले होते. माझे उपास मोजायला बोटं पुरत नाहीत, पण त्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "इस्वास हाय की आण्णा. पण देवानं तरी किती म्हणून पिक्चर बघायचे?"

पुढच्या शुक्रवारी आण्णांनी पिक्चर आधी स्वतः बघितला, मगच लावला. तोही आपटला!

*

नवसाच्या कितीतरी आधी एकदा देवीचा पिक्चर लागला. बाया चपला बाहेर काढून आत यायच्या. आरती सुरू झाली की पडद्यापाशी जाऊन हळदीकुंकू लावायच्या. हात पुरेल तिथं, म्हणजे पडद्याच्या खालच्या कडेला. खोटं कशाला बोलू, पहिलं बोट माझंच होतं.

पिक्चर उतरला, कुंकू काही निघालं नाही. पुढच्या शुक्रवारी मारामारीचा पिक्चर. शेवटी हिरोनं खलनायकाला असा हाणला की तो आडवाच झाला, आणि कपाळ बरोब्बर कुंकवावर! मग मागनं एक आवाज आला, "मेला खरा, पण अहेव मेला!"

*

मग गावात गुबगुबीत खुर्च्यांची थिएटरं आली आणि आमच्याकडं कबुतरं उरली. प्रोजेक्टरच्या झोतातून एखादं उडालं की हिरॉईनच्या तोंडावरनं घार फिरल्यासारखी दिसायची.

आमचे दारावरचे दत्तूमामा. चाळीस वर्षं त्याच दारावर, हातात तोच टॉर्च. एका उन्हाळ्यात त्यांनी रस्त्यावरनंच हाका मारायला सुरुवात केली, "या पावणं, आत पंखा हाय!" जयसिंगपूरचे एक व्यापारी एसटीला वेळ होता म्हणून तिकीट काढून आले. अख्ख्या थिएटरात ते एकटे. दहा मिनिटांत घोरायला लागले. मध्येच दचकून उठले आणि दारावर येऊन भांडायला लागले, "जरा आवाज कमी करा की! माणसानं झोपायचं कसं?"

आणि ह्यांनी खरंच आवाज कमी केला. हेही मला ह्यांनीच सांगितलं. हसत सांगायला गेले, हसू काही आलं नाही. मी देवघरात जाऊन बसले आणि आईला नवसाची परत आठवण करून दिली.

*

आणि मागच्या वर्षी आण्णांनी टॉकीज विकली. तिथं आता मंगल कार्यालय होणार. शेवटचा खेळ रविवारी दुपारी तीनचा, असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. झालं! इतकी वर्षं कुठं होती कुणास ठाऊक, सगळी शाहूपुरी लोटली. जो तो पाठ पडद्याकडं आणि तोंड मोबाईलकडं करून फोटो काढतोय. एक बाई तर ह्यांचा हात धरून रडल्या, "आमची टॉकीज होऽ!" हे म्हणाले, "ताई, मागच्या रविवारी या की म्हटलं असतं, पण तुमचा पत्ता न्हवता."

अडीच वाजता दत्तूमामा धापा टाकत घरी. "वैनी, बोर्ड द्या! बोर्ड!"

मी घाईघाईनं सांडगे खरवडले. दोन निघेचनात, तसाच दिला. मग ओटीचं ताट केलं, ठेवणीतलं लुगडं नेसले, आणि इतक्या वर्षांनी टॉकीजच्या पायऱ्या चढले. दारावर बोर्ड लागला होता. "हाऊसफुल्ल"! खाली दोन सांडगे. हे बोर्डापाशी असे उभे होते, जसे काही घरच्या लग्नात उभे आहेत. मी बोर्डालाच कुंकू लावलं, हात जोडले आणि उजवा पाय उचलला.

दत्तूमामांनी दार अडवलं. चाळीस वर्षांची सवय!

"आत मुंगीला जागा न्हाय, वैनी. उद्याच्या खेळाला या की."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी टॉर्चकडं बघितलं.

पिक्चर मी पायरीवर बसून ऐकला. आवाज ह्यांनी मोठा ठेवला होता.

तुम्हीही बोला हो एखादा नवस, मनापासून बोला. आई ऐकते. फक्त बोलायच्या आधी आत जाऊन आपला रुमाल तेवढा टाकून या.