वाचून फाडून टाक

ताईशी मी पाच वर्षं बोललो नव्हतो आणि त्यात चूक तिची होती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात गाढवपणा माझा आहे, आणि लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

आई शेवटचे दोन महिने बेर्शेबाच्या हॉस्पिटलात होती. मी किर्यात गातला कारखान्यात. पाळी सुटली की बस धरायची, आईशेजारी खुर्चीत पेंगायचं, परत बस. ताई अश्केलोनहून येऊन तिथंच राहिली होती. आई गेली. सात दिवसांच्या शोकाला घर माणसांनी भरलेलं असताना ताई म्हणाली, "माझा भाऊ पाहुण्यासारखा यायचा." मी म्हटलं, "पाहुण्याला निदान चहा तरी मिळतो." ती उठून आत गेली. तेव्हापासून माझा आवाज ऐकला की फोन खाली.

मग मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घरात मेंदीचं पहिलं बोट आत्या लावते, आणि आत्या ही एकच. मुलगी म्हणाली, आत्या नसेल तर मला मेंदीच नको. हिब्रूत म्हणाली. मी मराठीत ओरडतो, ती हिब्रूत उत्तर देते, घर असं चालतं.

"फोन घेत नाही ना? मग मेसेज टाक, अबा." लोक एकमेकांना फोटो दाखवतात त्या एका साइटवर ताई म्हणे नातवंडांचे फोटो बघायला आली होती. मुलीनं मलाही तिथं बसवलं. शिकवणी दोन मिनिटांची: नाव टाक, फोटोवर दाब, चौकोन दिसेल, लिही, बटण दाब. "ज़े पाशूट!" म्हणजे सोपं आहे. मला या दोन शब्दांची चीड आहे. ज्याला येतं तोच ते म्हणतो. चौकोन दोन असतात, एक गावासाठी आणि एक पाकिटाच्या चित्रामागे लपवलेला, हे सांगायला तिसरं मिनिट लागलं असतं. ते तिच्याकडे नव्हतं, तिला होणाऱ्या सासरी जेवायला जायचं होतं.

शुक्रवारी दुपारी एकटाच बसलो. मोठा चौकोन समोर आ वासून होता, त्यातच लिहिलं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. साइट हिब्रू, उजवीकडून चालणारी, त्यामुळे प्रत्येक पूर्णविराम उडी मारून वाक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसे. त्यानं डोकं आणखी तापलं आणि जे लिहायचं नव्हतं तेही लिहून झालं. तीर्थरूप ताईस शालोम व नमस्कार. मग एक ते पाच मुद्दे. तू चारचौघांत मला पाहुणा म्हणालीस. आईच्या बांगड्यांचा फोटोसुद्धा मला दाखवला नाहीस. तुझे सांदण दगडासारखे होतात, तरी मी जन्मात कुठं बोललो नाही. असंच पुढे. पाचवा मुद्दा: अश्केलोनवर रॉकेटं पडत होती तेव्हा मी रोज बातम्यांत तुझा रस्ता शोधायचो, फोन केला नाही, कारण तू ठेवला असतास. शेवटी: मेंदीला ये. कोणाला सांगू नको. वाचून फाडून टाक.

आमच्या घरातली खाजगी पत्रं अशीच संपायची. बटण दाबलं, आंघोळ केली, सूर्य बुडाला आणि शाब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागला.

शनिवारी सकाळी सिनेगॉगच्या पायरीवर एक काका उभे. "काय रे, स्क्रीन फाडायची कशी? आमची सून विचारत होती." मागून दुसरा, "आणि सांदण? खरंच दगड?" मी हसलो. मग माझं हसू गेलं. इथं मराठी कोण वाचतंय, असं मी धरून चाललो होतो. किर्यात गात, बेर्शेबा, अश्केलोन, सगळीकडची आपलीच माणसं वाचत होती, आणि मागे ठाण्यात राहिलेली वेगळी.

आता गंमत बघा. शाब्बाथला मी कॉम्प्युटरला हात लावत नाही. मिटवायचं कसं हे माहीत नव्हतंच, पण प्रयत्न करायचीही सोय नाही. अख्खा दिवस ते यंत्र कोपऱ्यात काळं तोंड करून बसलेलं आणि मी त्याच्यासमोर तसाच. मुलीवर चिडलो, साइटवर चिडलो, बायकोनं "जेवून घ्या" म्हटलं तर जेवणावर चिडलो.

आकाशात तीन तारे दिसले, शाब्बाथ सुटला, मुलगी घरी आली, तिनं ते उघडलं आणि डोक्याला हात लावला. "अबा! मा असीता?" काय करून ठेवलंस? पत्राखाली ताईचं उत्तर होतं, शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत घाईनं टाकलेलं, तेही तिथंच, तेही मुद्देसूद. चहा तुला दिला होता, तू झोपला होतास, गार झाला. बांगड्या तू मागितल्याच कधी? सांदण तू लहानपणी बारा खायचास. पाचव्या मुद्द्याखाली एवढंच: "फोन केला असतास तर मी ठेवला असता. पण तुला कळलं तर असतं, मी जिवंत आहे."

"मिटवू?" मुलीनं विचारलं.

मी ती ओळ परत वाचली. "राहू दे," म्हटलं. लाज जायची ती सगळी गेलीच होती.

मेंदीला येईन की नाही, हे ताईनं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळे जमले, ताट तयार, मुलगी दाराकडे बघत बसलेली. ताई आली ती सरळ मुलीकडे. मेंदीचं पहिलं बोट लावलं, कपाळाचं चुंबन घेतलं. मग माझ्यासमोर येऊन पर्स उघडली. सुनेकडून छापून घेतलेला कागद होता, माझं पत्र, उड्या मारणाऱ्या पूर्णविरामांसकट.

"फाडून टाक म्हणालास ना?" ती म्हणाली, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तिनं त्याचे दोन, चार, आठ तुकडे केले आणि माझ्या हातात कोंबले. "आता चहा आण. गरम."

मी आणला. हॉस्पिटलातला तो चहा गार झाल्याचं मात्र मला अजून पटलेलं नाही. तो तिनं दिलाच नव्हता.