पाहुण्यांचं पाणी

उन्हाळी इंटर्नशिप हा शब्द आमच्या कॉलेजात पहिल्यांदा आला, तेव्हा निम्म्या प्राध्यापकांना वाटलं की पोरांना सुटीत पुण्याला फिरवून आणायची ही काहीतरी योजना असावी. उरलेल्या निम्म्यांना काहीच वाटलं नाही. ते तसेही सुटीवर होते.

लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, तो उन्हाळा. पुण्याच्या एका संस्थेनं बी.एस्सी.च्या मुलांसाठी पर्यावरणाच्या संशोधनाचं काम काढलं होतं आणि आमच्या शिरूर कासारमधून एकटी शहजादी निवडली गेली. तिचे वडील इसाकभाई स्टँडमागं पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करतात. त्या वर्षी त्यांचाही धंदा बसला होता, कारण बोअरला पाणीच नसेल तर मोटार जळणार कशी? निवडलेल्या बाकीच्या मुलांनी पुण्याची प्रयोगशाळा मागितली. हिनं आपलाच तालुका मागितला. मी कारण विचारलं.

"अब्बा हॉस्टेलला न्हाई म्हनतेत, सर," ती म्हणाली. "आन् खरं सांगू का, पानी इथलं वाईट हाय. पुन्याचं तपासून काय करू?"

पोरगी बोलायला अशीच सरळ होती. मला ती आवडायची. आमच्याकडं गोड बोलणारे पुष्कळ आहेत, कामाचे थोडे.

तिला काम मिळालं खडकवस्तीवर. दसरा-दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. मागं राहतात त्या बायका गायी सांभाळतात आणि दूध संस्था चालवतात. संस्थेच्या अध्यक्ष साखराबाई. नवऱ्याच्या मागं एकटीनं संसार ओढलेली बाई, आवाज असा की गाय पान्हा चोरायची नाही. मुलगा सटवा तिशीचा. त्याचे गुडघे वाकत नव्हते. खाली बसता येत नाही, मोळी उचलता येत नाही, म्हणून मुकादम त्याला नेत नसे. तो संस्थेत दूध मोजायचा. पोरपणापासून मोळ्या वाहून गुडघे गेले, असं सगळी वस्ती म्हणायची.

वस्तीला एकच हातपंप होता आणि तो कधी आटला नव्हता. संस्थेकडं त्या वर्षी थोडी शिल्लक होती. त्यातून पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बसवायचा की दूध थंड ठेवायचं यंत्र घ्यायचं, यावर बायकांत दोन तट पडले होते. साखराबाईंना यंत्र हवं होतं, उन्हाळ्यात नासून दूध परत आलं की त्यांचा जीव तुटायचा. शेवटी ठरलं, शहजादीच्या तपासणीत पाणी वाईट निघालं तर फिल्टर, चांगलं निघालं तर यंत्र.

नमुना पहाटे, पंपावर गर्दी व्हायच्या आत घ्यायचा, असा पुण्याचा नियम. शिरूरहून पहिली जीप वस्तीवर पोचायला ऊन वर येतं. म्हणून शहजादी आदल्या दिवशी बाटल्या साखराबाईंकडं ठेवायची. त्या भरून ठेवायच्या आणि सटवा त्या जीपपर्यंत आणून द्यायचा. सगळा उन्हाळा हे असं चाललं. जूनच्या सुरुवातीला पुण्याहून निकाल आला : पाणी उत्तम. साखराबाईंनी संस्थेत साखर वाटली. पुण्याच्या संस्थेतल्या मॅडमनी शहजादीचं कौतुक केलं, आणि मीही कॉलेजात दोन दिवस छाती काढून हिंडलो.

मग रोजे सुरू झाले. एका संध्याकाळी शहजादी वस्तीवर गेली आणि परतीची जीप बिघडली. रोजा तिथंच सोडायचा होता. साखराबाईंनी अंगण झाडलं, घोंगडी टाकली. शहजादी वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, हातपंपावर गेली. चूळ भरायला पाणी तोंडात घेतलं आणि तशीच थांबली. पाणी मचूळ होतं. घोंगडीवर बसून तिनं खजूर तोंडात टाकला आणि साखराबाईंनी पुढं केलेला तांब्या तोंडाला लावला. ते पाणी गोडं होतं. उन्हाळाभर या घरात तिनं हेच पाणी प्यायलं होतं, आणि हे पंपाचंच असं ती धरून चालली होती.

"मावशी, हे पानी कुठलं हाय?"

"टँकरचं, आठवड्याला येतंय त्ये. हंड्यात येगळं ठिवलेलं असतंय, आल्या-गेल्याला. डाळ बी त्यातच शिजती, पंपाच्या पान्यात शिजत न्हाई."

"आन् माझ्या बाटल्या?"

"ह्यातूनच भरल्या की," साखराबाई म्हणाल्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "पुन्याची मानसं बघणार, त्यान्ला पंपाचं मचूळ पानी कावून दिऊ? आदीच ह्या वस्तीत कुनी पोरी देत न्हाई, बाय. आन् पाहुन्याला वंगाळ पानी आमच्यात देत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी शहजादीनं हे मला सांगितलं, तेव्हा मी डोक्याला हात लावला. मग रागावलो, कोणावर ते मला अजून कळलेलं नाही. ती मात्र रागावली नव्हती. तिनं आधीच पुण्याला कळवून टाकलं होतं.

इसाकभाईंनी पहाटेची सहरी खाऊन तिला मोटारसायकलवर वस्तीवर नेलं. नमुने तिनं स्वतःच्या हातानं भरले. निकाल यायचा तोच आला. पाण्यात फ्लोराईड होतं, चालतं त्याच्या कितीतरी वर. पुण्याच्या संस्थेनं आधीचा निकाल रद्द केला आणि नवे नमुने मुदत टळल्यावर आले म्हणून शहजादीला प्रमाणपत्र नाकारलं. मी फोनवर त्या मॅडमशी भांडलो. खरं बोलल्याचं हे बक्षीस का, म्हणून विचारलं. त्यांनी नियम वाचून दाखवला. शहजादीनं उन्हाळाभर जीव लावून केलेलं काम कागदावर उरलंच नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

दूध संस्थेच्या सभेला मी तिच्याबरोबर गेलो. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. सटवा एकटा दुधाच्या कॅनवर बसला होता. शहजादीनं सोप्या शब्दांत सांगितलं. पाण्यातला हा पदार्थ दिसत नाही. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात ते त्यानं. वर्षानुवर्षं पोटात गेला की हाडांत बसतो. मग सांधे आखडतात, मान वळत नाही, गुडघे वाकत नाहीत.

एवढं बोलून ती थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं असावं. कोणी सटवाकडं पाहिलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच होता.

साखराबाईंचा तो आवाज त्या दिवशी मला प्रथमच बारीक ऐकू आला.

"ह्ये त्यानं झालं?"

"दवाखान्यात हाडांचा फोटो काढावा लागंल, मावशी. पन तसंच दिसतंय."

"ल्हानपनी ह्यो हंड्याला हात लावायचा," साखराबाई म्हणाल्या. "गोडं पानी पायजे म्हनायचा. मी मारायचे त्याला. पाहुन्याचं हाय म्हनायचे."

"आये, ऱ्हाऊ दे," सटवा म्हणाला. "तुला कुठं ठावं व्हतं."

 शहजादी उठून साखराबाईंजवळ जाऊन बसली.  फिल्टरच्या ठरावाला सगळे हात वर झाले. यंत्राचं नाव कोणी काढलं नाही.

बीडच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की दुखणं पाण्याचंच आहे, नवीन पाण्यानं पुढचं वाढणार नाही, पण झालेलं परत येणार नाही. शहजादी त्या प्रमाणपत्रावाचूनच एम.एस्सी.ला औरंगाबादला गेली. इसाकभाईंनी हॉस्टेलला परवानगी दिली.

फिल्टर बसल्यावर मी एकदा वस्तीवर गेलो. भर दुपार होती आणि घसा कोरडा पडला होता. साखराबाई तांब्या भरून बाहेर आल्या. मी हात पुढं केला, पण त्या माझ्यासमोरून गेल्या आणि तांब्या त्यांनी ओट्यावर उभ्या असलेल्या सटवाच्या हातात दिला. सटवा ओशाळला. सरांना दे आधी, म्हणाला. त्या हलल्या नाहीत. त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं, तोवर त्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं.