दुरुस्ती तिसरी, कारणासहित

जगात काहीही बदललं तरी आमच्या कचेरीतल्या थोरल्या ड्राफ्ट्समनची हरकत नसे. फक्त ते कोणी, कधी आणि काहून बदललं, हे कागदावर असायला हवं. असा दुसरा माणूस मी यवतमाळात काय, अख्ख्या वऱ्हाडात पाहिला नाही. पुलांचे नकाशे काढणं हे त्यांचं काम, पण जीव सगळा जुन्या नकाशांत. नवा नकाशा निघाला की जुन्यावर लाल पेन्सिलीनं ‘रद्द’ लिहून तो कपाटात असा अलगद ठेवत, की रद्द झाल्याचं त्या कागदालाही वाईट वाटत नसावं. आमचा जिल्हा आधी मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. लोकांनी पेढे वाटले. यांनी प्रत्येक नकाशाचा मथळा बदलून खाली नोंद केली, ‘कारण: राज्य बदलले.’ घरी वहिनींनी भाजीत खोबरं वाढवलं तरी कारण विचारत. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “यायच्यानं जुनं काही टाकवत नाही, भाऊ. म्हणून तर मी टिकून राह्यली.”

मी तिथं ओव्हरसियर होतो. दारव्ह्याकडच्या एका नाल्यावर पूल व्हायचा होता. जागा आखताना जवळच्या बंजारा तांड्याचे म्हातारे प्रमुख, नाईक, आले आणि म्हणाले, डावा खांब घेता तिथं बुजवलेली विहीर आहे. मी कचेरीत येऊन सांगितलं, खांब आठ फूट मागे घ्या. त्यांनी दौत पुढे सरकवली. “काहून, ते लिहा.”

“अहो, विहिरीचं काय लिहायचं? मी सांगतोय ना.”

“तुमची बदली झाल्यावर मी विहीर कोनाले विचारू?”

मी चिडून नव्या नकाशाच्या कोपऱ्यात चार ओळी खरडल्या, सही ठोकली आणि कँटीनमध्ये त्यांची भरपूर टिंगल केली.

बदली झालीच. मी वणीला गेलो, पुलाचं काम रखडलं. तीन वर्षांनी नव्या इंजिनियरसाहेबांनी ते हाती घेतलं आणि खांब पहिल्या जागी न्या म्हणून फर्मावलं. तिथं पूल सरळ येत होता. तिथं विहीर असल्याची नोंद आहे म्हणून ड्राफ्ट्समननी नकाशा बदलायला नकार दिला. साहेबांनी मला विचारायला बोलावून घेतलं, “कसली विहीर?” आणि खरं सांगतो, मला काही म्हणजे काही आठवेना. तांड्यावरचे नाईक तोवर वारले होते. ड्राफ्ट्समननी माझ्याकडे न बघता कपाट उघडलं आणि ‘दुरुस्ती तिसरी’ असं लिहिलेला नकाशा टेबलावर पसरला. कोपऱ्यात माझंच चिडकं अक्षर होतं.

साहेब जीप काढून आम्हा दोघांना नाल्यावर घेऊन गेले. मिस्त्रीनं पहिल्या जागी पहार मारली. दोन हात कठीण लागलं, मग पहार मऊ मातीत सरळ उतरत गेली, पार मुठीपर्यंत. साहेबांनी वाकून ती पहार स्वतः हलवून पाहिली. मग हळूच म्हणाले, “तिसऱ्या कागदाप्रमाणे करा.” परतताना मी ड्राफ्ट्समनची माफी मागितली. ते म्हणाले, “माह्याही ध्यानात नव्हतं, भाऊ. म्हणून तर लिहून घेतो.”

त्यांच्या निवृत्तीनंतर मी एकदा त्यांना भेटायला गेलो. भाड्याच्या त्याच दोन खोल्या. गावाबाहेर त्यांनी कधीतरी घेतलेला प्लॉट दाखवायला ते मला घेऊन गेले. घर काही झालं नव्हतं. मुलींची लग्नं, आजारपणं, राहून गेलं. उघड्या जागेत छत्रीच्या टोकानं मातीवर रेघा ओढत ते दाखवू लागले, हे वहिनींचं स्वयंपाकघर, हे देवघर. मग एका चौकोनाशी थांबले.

“आन् हे बैठक. या, बसा.”

मी चप्पल बाहेर काढली, रेघ ओलांडून आत गेलो आणि त्यांच्याशेजारी मातीत बसलो. पलीकडच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया घरी निघाल्या होत्या.