जोडीची केबल

अमरावतीहून तेल्हाऱ्याला मोटारसायकलने जायचा विचार शहाण्याने करू नये, असं माझ्या मेहुण्याचं मत. मेहुणा तेल्हाऱ्याचाच, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. पुण्याहून दोन दिवस गाडी हाणत मी अमरावती गाठली होती, आता उरलं होतं तरी काय? बायको बसने आधीच माहेरी पोचली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मेहुण्याच्या मुलीचं साक्षगंध (म्हणजे आपला साखरपुडा) होतं, आणि नवरदेवाची अंगठी अमरावतीच्या सोनाराकडून आणायचं काम मी हट्टाने मागून घेतलं होतं. जीपने येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवता येईल, असं मेहुणा फोनवर म्हणत होता. आम्हा पुणेकरांची बाराची वेळ म्हणजे बारा, असं मी त्याला सुनावलं.

मुक्काम राजापेठेत होता. तिथे दर दुकानाच्या डोक्यावर एक क्लास, आणि दर क्लासच्या पायथ्याशी रस्ता अडवून बसलेल्या पन्नास स्कूटर. संध्याकाळी अंगठी ताब्यात घेतली आणि गिला वडा (दह्यातला वडा) खाल्ला. बरा होता, हे नाइलाजाने लिहितो.

गाडीचं तेलपाणी करायला एका गॅरेजात गेलो. मिस्त्री क्लचचा दांडा दाबून म्हणाला, की केबलच्या दोन तारा तुटल्यात, बदलून टाकू काय? नव्या गिऱ्हाइकाला गाठलं की हे लोक पहिल्यांदा केबलच दाखवतात. पुण्यात आमचा माणूस बघेल, असं मी त्याला सांगितलं. त्यावर त्याने वाद घातला नाही. एक नवी केबल घेऊन जुनीच्या शेजारून हँडलपासून इंजिनापर्यंत नेली आणि सुतळीने बांधून टाकली.

"राहू द्या जोडीले," तो म्हणाला. "तुटली त जाग्यावरच लावता येते."

पाहुण्यांसमोर असं ध्यान घेऊन कोण जाणार? लॉजवर येताच मी सुतळ्या कापल्या आणि केबल कचऱ्याच्या डब्यात टाकली.

सकाळी आठला निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस, मध्येच उभी तूर. देखावा चांगला आहे, पण तास-तासभर तोच आहे. दर्यापूरच्या अलीकडे गिअर बदलायला दांडा दाबला तर तो सरळ मुठीला येऊन चिकटला. केबल तुटली होती. खिशात अंगठी, घड्याळात साडेनऊ, आणि भोवती सल्ला द्यायला चार माणसं. गाडी ट्रकमध्ये घाला, असं एकाने सुचवलं. दुसऱ्याने मी कुठला ते विचारलं आणि पुणे ऐकल्यावर सगळं समजल्यासारखी मान हलवली.

तेवढ्यात शेताकडे निघालेला एक जण थांबला. गाडी माझ्याच बनावटीची, आणि तिच्या हँडलला सुतळीने बांधलेली तीच जोडीची केबल.

"काहून जी, तुमी नाई बांधली?"

मी अर्धंच खरं सांगितलं. पुण्यात ही पद्धत नाही, म्हणालो. त्याने स्वतःच्या गाडीची जोडीची केबल सोडली. माझी तुटकी काढली, नवीचं एक टोक दांड्यात आणि दुसरं इंजिनाजवळच्या खाचेत अडकवलं, आणि पाना फिरवता फिरवता दांडा हलवून पाहत राहिला. दांडा थोडा सैलच ठेवला.

"तुरीच्या डाळीएवढी ढिल पायजे. कसू नका बरं."

पैसे देऊ केले तर म्हणाला, वेचणीच्या बाया वाट पाहून राहिल्या, आणि निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

आता कुणीही एवढ्यावर थांबलं असतं. पण सैल दांडा मला बघवत नाही. दर्यापूर ओलांडल्यावर मी पाना काढला आणि केबल सतारीच्या तारेसारखी ताणली. अकोटच्या पुढे गाडी नुसती ओरडायला लागली, पळेचना. ताणलेल्या केबलमुळे क्लच अर्धवट दाबलेलाच राहत होता. जळका वास सुटला. रस्त्याकडेला बसून मी ती पुन्हा सैल केली, पण आधी इंजिन निवायची वाट पाहावी लागली. त्यात पाऊण तास गेला. आयुष्यात इतका राग मला दुसऱ्या कुणाचा आला असेल असं वाटत नाही.

तेल्हाऱ्याला पोचलो तेव्हा एक वाजला होता आणि पंगती बसल्या होत्या. नवरदेव समोरच जेवत होता. त्याच्या बोटात अंगठी होती, साधी, बारीक. मी माझी डबी हातात धरून उभा राहिलो. कुणीही रागावलेलं नव्हतं. मेहुण्याने पाण्याचा तांब्या दिला.

"मांगच्या हप्त्यातच करून ठेवली होती, जवाईबुवा. तुमी आनान हे त होतंच. पन जोडीले एक असू द्या म्हनलं."

वांग्याची भाजी झणझणीत होती. मला तिचं तिखट जाणवलंसुद्धा नाही.

परत जाताना राजापेठेतल्या त्याच गॅरेजात थांबून मी जोडीची केबल बांधून घेतली. मिस्त्रीने आधीचीचं काय झालं हे विचारलं नाही, आणि मलाही सांगवलं नाही. पुण्यात आता शेजारी ती सुतळी पाहून हसतात. हसू देत, बिचाऱ्यांना गाडीतलं काय कळतं?

फक्त एक गोष्ट मनातून जाईना. घरी आल्यावर आठ दिवसांनी बायकोला विचारलं, की मी येतोय हे ठरलेलं असताना दुसरी अंगठी करायचं तुझ्या भावाला सुचवलं कुणी?

ती कणीक मळत होती. "मी," म्हणाली.