दुसरं पिवळं कार्ड

गेलं वर्षभर कोरेगावच्या साईराजसमोर फुटबॉलचा सामना लावायची सोय नव्हती. पडद्यावरचा रेफरी झालेला प्रकार पुन्हा बघायला निघाला, की साईराजच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याचं आयुष्य बचावफळीत गेलं. आधी पलटणीच्या संघात, मग पुण्याच्या एका व्यावसायिक क्लबात. तिशी उलटली होती, आणि नवा करार उपांत्य सामन्यावर अडकला होता. त्या सामन्याचा रेफरी सांगलीचा धवल. दोघं एकाच शिबिरात घडलेले, एका ताटात जेवलेले.

साईराजला एक पिवळं कार्ड आधीच मिळालं होतं. मग समोरच्याने त्याला सरळ ढकललं, तरी शिट्टी वाजली नाही. साईराज धावत धवलकडे गेला नि पोटतिडकीने म्हणाला, "आरं गड्या, बघ की जरा!" आमच्याकडे माणूस मित्रालाच गड्या म्हणतो. धवलने दुसरं पिवळं कार्ड काढलं. म्हणे, उद्धट भाषा! दोन पिवळी म्हणजे लाल. साईराज बाहेर गेला, संघ हरला आणि करारही गेला.

प्रशिक्षक ओरडत राहिले, कॅमेऱ्यात पुन्हा बघा म्हणून. पण तेव्हाच्या नियमात गोल तपासता यायचा, पेनल्टी तपासता यायची, थेट दिलेलं लाल कार्डही तपासता यायचं; दुसरं पिवळं मात्र नाही. वा रे न्याय! ऑफसाइडसाठी बुटाचं टोक बोटभर पुढे होतं का, हे बघायला ढीगभर कॅमेरे, आणि माणसाची भाकरी जाते तेव्हा सगळे आंधळे.

चहाच्या टपरीवर साईराज त्या नियमाला शिव्या घालायचा, धवलला कधीच नाही. "त्येला गलक्यात नीट ऐकू आलं नसंल," म्हणायचा. "पुन्यांदा बघितलं असतं, तर गड्यानं चूक सुधारली असती."

परवा औंधला, यमाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर धवल समोरच आला. चुकवायला वाटच नव्हती. खाली मान घालून तो म्हणाला, "मला नीट ऐकू आलं होतं रे. गड्या म्हणजे काय, ते मला कळत नाही का? पण माझ्या माइकवरून बाकीच्या पंचांनाही ते ऐकू गेलं. आपल्याकडचा म्हणून कार्ड न देता सोडला, असं म्हणाले असते."

 साईराजला फार लागलं.

"म्हंजी तुमी चुकलाच न्हवता," तो म्हणाला. "मग पुन्यांदा बघून तरी काय झालं असतं?"